काळं दिसत नाही, मग काचबिंदू कसा?

पत्र:

डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझे मिस्टर ६३ वर्षांचे आहेत. पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. दीडेक वर्षापासून उंबरठ्याला ठेचकाळतात, जिन्याची शेवटची पायरी चुकते, खाली ठेवलेला तांब्या लवंडतो. 'लक्ष कुठंय तुमचं' म्हणून घरात रोजची कटकट. चष्म्याचा नंबर काढायला नेलं तर शेवटच्या ओळीपर्यंत अक्षरं घडाघडा वाचली. पण तिथल्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डोळ्यांतला दाब २६ आणि २४ निघाला, म्हणजे जास्त. फिल्डच्या, म्हणजे नजरेचा आवाका तपासणाऱ्या चाचणीच्या रिपोर्टमध्ये दोन्ही डोळ्यांत खालच्या बाजूला काळं आलंय. मिस्टर म्हणतात, 'मला कुठंच काळं दिसत नाही, मशीन खोटं आहे.' थेंब आठवड्यातून तीन-चार दिवस घालतात, बाकीचे दिवस बाटली कपाटात. त्यात मुलानं कुठंसं वाचलं, की काचबिंदूत मेंदूतली जोडणी बिघडते. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. यांची वाटचाल स्मृतिभ्रंशाकडं आहे का? बँकेचे व्यवहार, भिशीचा हिशेब अजून तोंडी करतात. मेंदूचा एमआरआय करावा का? एका ठिकाणी 'मेंदूचं मॅपिंग आणि दृष्टी जोडणीचे व्यायाम' असं ४५ हजारांचं पॅकेज सांगितलंय, ते घ्यावं का? माझ्या नणंदबाई कराडला असतात. त्यांना मोतीबिंदू आहे, पिकला की दिवाळीनंतर ऑपरेशन करू म्हणतात.
— एक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर:

ताई, नमस्कार.

'मला कुठंच काळं दिसत नाही' हे वाक्य मी पत्रात दोनदा वाचलं. मिस्टर खरं बोलताहेत. मशीनही खरं सांगतंय. हे दोन्ही एकदम खरं कसं असू शकतं, ते मेंदूत शिरल्याशिवाय कळत नाही. मुलानं वाचलं त्याचा धागाही तिथंच सापडेल. पण आधी तुमच्या झोपेचं बघू.

काचबिंदूचा परिणाम मेंदूपर्यंत जातो, यात खोटं काही नाही. मात्र तो जातो पाहण्याच्या वाटेनं, पाहण्याचं काम करणाऱ्या भागांत. आपल्याकडं मेंदू म्हटलं की आठवण आणि शहाणपण एवढंच मनात येतं. म्हणून 'जोडणी बिघडली' हे शब्द कानावर पडले, की घरात लगेच स्मृतिभ्रंशाचं भूत उभं राहतं. भिशीचा हिशेब तोंडी करणारा माणूस जर फक्त पायाखालच्या वस्तूंनाच अडखळत असेल, तर मी तरी त्याच्या स्मरणशक्तीवर संशय घेणार नाही. फिल्डच्या रिपोर्टमध्ये दोन्ही डोळ्यांचा खालचा भाग गेलाय आणि मिस्टर उंबरठा, शेवटची पायरी, तांब्या यांनाच धडकतात. दोन्हीचा मेळ बसतो. तेव्हा 'लक्ष कुठंय' हा प्रश्न आजपासून बंद. त्यांचं लक्ष असतं, खालचं चित्रच त्यांच्यापर्यंत येत नाही.

पुढचा मजकूर आता मिस्टरांच्या हातात द्या.

भाऊसाहेब, नातवंडांची एकेरी वही घ्या. एका रेघेवर डावीकडं फुली काढा आणि त्याच रेघेवर उजवीकडं, बरोबर ८ सेंटीमीटरवर, हरभऱ्याच्या डाळीएवढं टिंब काढा. डावा डोळा हातानं झाका. उजव्या डोळ्यानं फक्त फुलीकडं बघत राहा, टिंबाकडं नजर जाऊ देऊ नका. वही हातभर लांब धरा आणि सावकाश जवळ आणा. साधारण ३० सेंटीमीटरवर टिंब नाहीसं होईल. आता त्या जागी काय आहे ते बघा. काळं भोक नाही. कोरा कागद आहे, आणि त्यातून रेघ सरळ पुढं गेलेली दिसतेय. ती रेघ तुमच्या मेंदूनं तुम्हाला न विचारता ओढून टाकली.

डोळ्याच्या पडद्यावर जिथून नस बाहेर पडते, तिथं प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. फ्रान्सच्या एड्म मारियोत यांनी १६६० च्या दशकात ही आंधळी जागा लोकांना दाखवून दिली, तेव्हा सगळे चकित झाले होते. प्रत्येकाच्या प्रत्येक डोळ्यात ती असते. तुम्ही ही जागा घेऊन आयुष्यभर कालव्याच्या भरावावरून हिंडलात. कधी हवेत काळा ठिपका दिसला?

काचबिंदूत अशा न दिसणाऱ्या जागा वाढत जातात आणि मेंदू त्या तशाच भरून काढतो, शेजारचा रंग आणि शेजारचा पोत वापरून. फरशी दिसते, फरशीवरचा तांब्या दिसत नाही. लंडनच्या डेव्हिड क्रॅब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये काचबिंदूच्या ५० रुग्णांपुढं वेगवेगळी चित्रं ठेवली आणि 'तुम्हाला यातल्या कशासारखं दिसतं?' असं विचारलं. काळ्या बोगद्याच्या किंवा काळ्या डागांच्या चित्रावर एकानंही बोट ठेवलं नाही. बहुतेकांनी कुठं पुसट झालेलं, कुठं काहीतरी गळालेलं असं चित्र निवडलं. कित्येकांना तर आपल्या नजरेत काही कमी आहे हेच जाणवत नव्हतं. आणि आम्ही डॉक्टर मंडळी अजूनही दवाखान्याच्या भिंतीवर काळ्या बोगद्याचं पोस्टर लावून बसलोय! ते बघून माणूस म्हणतो, 'मला असं नाही दिसत, म्हणजे मला नाही.' यात तुमची चूक कमी आणि आमची जास्त.

रिपोर्टमधला काळा रंग ही छपाईची शाई आहे. ज्या जागी तुम्हाला दिवा दिसायला तो बराच प्रखर करावा लागला, ती जागा मशीन गडद छापतं. तुम्हाला तिथं काळं दिसतं असा त्याचा दावाच नाही.

आता मेंदूतल्या जोडणीबद्दल. हे तुम्हाला समजावणं मला सोपं आहे, कारण तुम्ही कालवे बघितलेत.

प्रत्येक डोळ्यातून मेंदूकडं दहा ते बारा लाख धाग्यांची एक नस जाते. यातला प्रत्येक धागा म्हणजे एकच पेशी. तिचं डोकं डोळ्याच्या पडद्यावर आणि शेपूट थेट मेंदूच्या मध्यात. वाटेत कुठं सांधा नाही. ही नस डोळ्याबाहेर पडते ती एका चाळणीसारख्या जाळीतून. डोळ्यातला दाब जाळीला झेपेनासा झाला की ती मागं वाकते आणि भोकांतून जाणारे धागे चिमटले जातात. धाग्यातून फक्त संदेश जात नसतो. पेशीच्या डोक्याकडं तयार झालेला माल शेपटीकडं जातो आणि शेपटीकडून जगायला लागणारी द्रव्यं परत येतात. दोन्ही दिशांनी सतत आवर्तन चालू असतं म्हणा ना. मुखाशी अडथळा आला की आधी कोण ओरडतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी. उंदरांवरच्या एका अमेरिकन प्रयोगात २०१० मध्ये नेमकं हेच दिसलं: दाब वाढल्यावर पुरवठा आधी मेंदूतल्या टोकाला तुटला आणि मग ही तूट मागं मागं डोळ्याकडं सरकत आली. धागे अजून जागच्या जागी होते, पाणी मात्र पोहोचत नव्हतं.

डोळ्याकडून आलेले बहुतेक धागे मेंदूच्या मध्यातल्या एका छोट्या ठाण्यावर संपतात. त्याचं नाव लॅटरल जेनिक्युलेट न्यूक्लिअस. जेनिक्युलेट म्हणजे गुडघ्यासारखं वाकलेलं, आणि ते तसंच दिसतं. त्याचे सहा थर असतात: तीन थरांत उजव्या डोळ्याचं पाणी येतं, तीन थरांत डाव्याचं, एकमेकांत न मिसळता. इथून नवे धागे निघतात ते डोक्याच्या मागच्या बाजूला, दृष्टीच्या मुख्य पट्ट्यात जातात. दोन्ही डोळ्यांचं चित्र खऱ्या अर्थानं एकत्र होतं ते या पट्ट्यात. एका डोळ्याला जिथं दिसत नाही तिथं दुसऱ्याला दिसत असलं, की भोक झाकलं जातं आणि माणसाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. तुमच्या बाबतीत दोन्ही डोळ्यांचा खालचा भाग गेलाय, म्हणून झाकायला कुणी उरलं नाही आणि उंबरठा लागायला लागला.

मुख्य चारी कोरडी पडल्यावर पोटचारीत पाणी कुठून येणार? कॅनडात येनी युसेल आणि नीरू गुप्ता यांनी काचबिंदू झालेल्या माकडांच्या मेंदूत या गुडघ्यासारख्या ठाण्यातल्या पेशी आक्रसलेल्या आणि कमी झालेल्या पाहिल्या. २००६ मध्ये त्यांनी माणसाच्या मेंदूतही, मृत्यूनंतरच्या तपासणीत, तशीच हानी नसेपासून मागच्या दृष्टीच्या पट्ट्यापर्यंत दाखवली. म्हणजे डोळ्यात सुरू झालेलं नुकसान एका पेशीकडून पुढच्या पेशीकडं चालत जातं. पुढं एमआरआयच्या खास पद्धतीनं जिवंत माणसांत बघितलं, तेव्हा या वाटेवरच्या पांढऱ्या तारांचा घट्टपणा कमी झालेला आढळला. आजार जितका जास्त, तितका तो कमी.

तुमच्या मुलानं वाचलेली 'जोडणी' याच्याही पुढची. माणूस काही न करता मशीनमध्ये पडून असताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत रक्तपुरवठ्याची बारीक चढ-उतार चालू असते. ज्या भागांची चढ-उतार एका तालात होते, ते एकमेकांशी जोडलेले, असं मानतात. काचबिंदूच्या रुग्णांत दृष्टीच्या मुख्य पट्ट्याचा शेजारच्या दृष्टीच्या भागांशी असलेला ताल ढिला झालेला दिसतो, आणि हातपाय हलवणाऱ्या भागांशी असलेलं संधानही बदललेलं दिसतं. काही ठिकाणी उलट जोड वाढलेली असते. मेंदू दुसरीकडून पाणी वळवायचा प्रयत्न करत असावा, असं माझं मत. तुम्ही चहाचा कप नेमका बशीत ठेवता, जिना उतरता, तेव्हा डोळा आणि पाय यांचीच ही बोलणी चालू असतात.

मग अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत कशी वाचता आली? नजरेच्या मधल्या १० अंशांना दृष्टीच्या पट्ट्यातली जवळपास निम्मी जागा मिळालेली असते. काचबिंदू बहुधा कडेनं खात येतो आणि मधला भाग शेवटपर्यंत राखतो. भिंतीवरचा तक्ता तपासतो तो फक्त हा मधला भाग. तक्ता पास झालो म्हणजे डोळे ठणठणीत, हा समज शिकलेल्या लोकांतही मला रोज भेटतो.

एवढं वाचून झालं असेल तर थेंबांकडं वळा. गेलेले धागे परत उगवत नाहीत. उरलेले सांभाळायचा आज हाताशी असलेला पक्का उपाय एकच, दाब कमी करणं. स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात दाब पाऱ्याच्या १ मिलिमीटरनं कमी झाला, की आजार पुढं सरकण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी घटला. आठवड्यातून तीन दिवस थेंब घालणं म्हणजे तीन दिवस पाणी सोडायचं आणि चार दिवस दार बंद ठेवायचं. पीक कुठल्या दिवसांत जळतं ते तुम्हीच सांगा.

आता पत्र परत ताईंकडं.

ताई, एमआरआयबद्दल. काचबिंदूच्या निदानाला किंवा उपचाराला तो लागत नाही. मी वर लिहिलेले तारांचे आणि तालाचे निष्कर्ष रुग्णांच्या गटांची निरोगी माणसांशी तुलना करून काढलेले आहेत. एका माणसाचा असा स्कॅन बघून 'तुमची जोडणी इतकी टक्के बिघडली' असं कुणी सांगू लागलं, तर त्याच्या हाती विज्ञान नाही, पावतीपुस्तक आहे.

काही वेळा मात्र आम्ही स्वतःहून एमआरआय सांगतो. काचबिंदूत गेलेला भाग आडव्या रेषेशी थांबतो, म्हणजे खालचा किंवा वरचा भाग जातो, कारण डोळ्याच्या पडद्यावरचे धागे तसेच वर-खाली वाटलेले असतात. मेंदूतल्या गाठीमुळं किंवा झटक्यानं नजर गेली तर भाग उभ्या रेषेशी थांबतो, म्हणजे दोन्ही डोळ्यांची डावी किंवा उजवी बाजू जाते. मिस्टरांनी ताटातली डावीकडची चटणी-कोशिंबीर रोज न बघताच तशीच सोडली असती, तर मी तुम्हाला काचबिंदूबद्दल एक अक्षरही न लिहिता आधी मेंदूविकारतज्ज्ञाकडं पाठवलं असतं. काचबिंदूत नसेच्या तोंडाशी खड्डा पडतो, त्यापेक्षा नस फिकटच जास्त झाली असेल, समोरचंच दिसणं झपाट्यानं कमी झालं असेल, रंग उडाल्यासारखे वाटत असतील, तरीही आम्ही एमआरआय करतो. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. तुमच्या डॉक्टरांना नस बघून शंका आलेली नसेल, तर ते पैसे ठेवून द्या.

४५ हजारांचं पॅकेज घेऊ नका. जर्मनीत डोळ्याभोवती सौम्य विद्युतप्रवाह देऊन उरलेली नजर थोडी जागी होते का, यावर प्रयोग झाले आहेत आणि त्यात काही रुग्णांना फायदाही दिसला, पण तो नेहमीचा उपचार झालेला नाही. आणि तुम्हाला विकलं जातंय ते ते नव्हेच. डोळे गरागरा फिरवून चाळणीतला चिमटा सुटत नाही. ४५ हजारांत थेंब किती वर्षं येतील, हा हिशेब मिस्टरच तोंडी करतील.

योगासनांचं पत्रात काही नाही, तरी विचारून ठेवते: मिस्टर शीर्षासन करतात का? करत असतील तर सोडायला सांगा. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या २००६ च्या अभ्यासात शीर्षासनात डोळ्याचा दाब जवळजवळ दुप्पट झालेला मोजला गेला. चालणं, प्राणायाम, ध्यान याला हरकत नाही, पण थेंबांच्या जोडीनं, थेंबांऐवजी नाही. औषधाच्या दुकानातून डोळे लाल झाले म्हणून स्वतःच्या मनानं आणलेले थेंब अजिबात नकोत. त्यांत स्टेरॉइड असलं तर दाब चढतो.

थेंब घालायची रीतही सांगते, कारण अर्धं औषध गालावरून ओघळताना मी बघते. एकच थेंब, खालची पापणी ओढून. मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं बोटानं हलका दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरा थेंब असेल तर पाच मिनिटांनी. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच पेनानं लिहा आणि महिन्यानं नवी काढा. रात्रीचा थेंब असेल तर देवापुढं दिवा लावायच्या किंवा बातम्यांच्या वेळेला जोडून टाका. मिस्टरांना दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, काही थेंब अशांना चालत नाहीत.

घरात तांब्या जमिनीवर ठेवणं बंद करा. उंबरठ्यावर आणि प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळ्या ऑइलपेंटचा बोटभर पट्टा मारा. जिना उतरताना दोन भिंगांचा चष्मा नको, त्याच्या खालच्या भिंगातून पायरी पुसट दिसते. पायरीपूर्वी मान खाली घालून बघायची सवय लावून घ्यायला त्यांना महिनाभर लागेल, तेवढा धीर धरा. आणि मोटारसायकल असेल तर रात्रीची आजपासून बंद. दिवसाची चालवायची की नाही, ते दोन्ही डोळे उघडे ठेवून केलेल्या फिल्डच्या चाचणीनंतर डॉक्टरांनाच ठरवू द्या. यावर घरात वाद होईल, मला ठाऊक आहे. माझं नाव पुढं करा.

पत्राच्या शेवटी तुम्ही नणंदबाईंचा उल्लेख जाता जाता केलाय, पण मला तुमच्या मिस्टरांइतकीच त्यांची काळजी वाटते. सख्ख्या भावाला काचबिंदू निघाला म्हणजे बहिणीचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. रॉटरडॅममध्ये झालेल्या एका अभ्यासात रक्ताच्या जवळच्या नातेवाइकांत तो नऊ पटींच्या घरात आला होता. आपल्या देशातल्या पाहण्यांत काचबिंदू असलेल्या दहांपैकी नऊ जणांना तो असल्याचं माहीतच नव्हतं, आणि 'मोतीबिंदू आहे, पिकू दे' म्हणत घरी बसलेले त्यात पुष्कळ असतात. मोतीबिंदू पिकायची वाट बघायचा काळ केव्हाच मागं पडला. उलट फुगलेला मोतीबिंदू डोळ्यातला पाण्याचा निचरा अडवून दाब अचानक चढवू शकतो. नणंदबाईंना दिवाळीपर्यंत थांबवू नका. या महिन्यातच कराडला कुठल्याही चांगल्या नेत्रतज्ज्ञाकडं न्या आणि आत गेल्या गेल्या सांगा, की भावाला काचबिंदू आहे, दाब मोजा, निचऱ्याचा कोन बघा आणि नस बघा. तुमच्या मुलांचं वय चाळिशीला आलं असेल, तर त्यांनाही त्याच गाडीत बसवा.